गोठ्यातून आलेली गोष्ट

मराठी माणूस दिवसभर 'गोष्ट' हा शब्द तोंडात घोळवत असतो आणि त्यातल्या निम्म्या वेळी त्याला कुठलीच गोष्ट सांगायची नसते. "एक गोष्ट विचारू का?", "पैशाची गोष्ट काढू नका", "त्या गोष्टीला आता दहा वर्षं झाली", "ही काही चांगली गोष्ट नव्हे." रात्री पोरं अंथरुणात शिरून "गोष्ट सांग" म्हणतात, तेव्हा कुठे हा शब्द कथेच्या अर्थाने येतो. बाब, प्रसंग, वस्तू, भानगड आणि कथा या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरतो, हे कोडं सोडवायचं तर गोठ्यात जावं लागतं.

संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई जिथे थांबतात, उभ्या राहतात ती जागा. 'गो' आणि 'स्था' अशी त्याची साधी फोड. पाणिनीला हा शब्द चांगला ओळखीचा होता. पूर्वी जिथे गोठा होता आणि आता राहिलेला नाही, अशा जागेला 'गौष्ठीन' म्हणावं, असं सांगणारं स्वतंत्र सूत्रच अष्टाध्यायीत आहे. गोठा उठून गेला तरी जागेला चिकटलेलं त्याचं नाव काही जात नाही, एवढं त्या काळच्या गावगाड्याबद्दल या एका सूत्रातून कळतं. त्याच ग्रंथात 'गोष्ठश्व' असाही एक शब्द आहे: गोठ्यातला कुत्रा, जो येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो. घरबसल्या लोकांची निंदा करणाऱ्या माणसाला पुढे हेच नाव पडलं. म्हणजे गोठ्यात चहाडखोरही होतेच.

प्राकृतात 'गोष्ठ'चं 'गोट्ठ' झालं आणि त्यातून मराठीचा 'गोठा' आला. गाई जिथे जमत तिथे त्यांची माणसंही जमत, आणि जमलेली माणसं मुकी बसत नाहीत. म्हणून 'गोष्ठी' म्हणजे आधी मंडळींनी एकत्र बसणं, आणि मग त्या बसण्यातलं बोलणं. वात्स्यायनाच्या कामसूत्रात शहरी रसिकांच्या बैठकीला गोष्ठी म्हटलेलं आहे. तिथे गाय केव्हाच मागे पडलेली होती. हिंदीत आजही गोष्ठी म्हणजे चर्चेसाठी भरलेली सभा. मराठीने मात्र सभा सोडून दिली आणि तिच्यातलं बोलणं तेवढं ठेवून घेतलं. ज्ञानेश्वरीत 'गोठी' हे रूप भेटतं, आणि अहिराणीत, वऱ्हाडीत 'गोट', 'गोठ' अजूनही ऐकू येतं. ज्या माणसाच्या जिभेवर 'गोठा' आणि 'गोठ' हे दोन्ही शब्द आहेत, त्याला हे नातं पटवून द्यायला व्युत्पत्तिकोश लागत नाही.

पण बोलण्यावरून 'वस्तू'वर, 'बाबी'वर हा शब्द कसा सरकला? याचं उत्तर मला एका दूरच्या भाषेत मिळालं. इंग्रजीतला 'थिंग' हा शब्द आज वस्तूला लावतात. जुन्या जर्मानिक भाषांत मात्र त्याचा अर्थ लोकांची सभा असा होता. आइसलंडच्या संसदेचं नाव आजही 'अल्थिंगी' आहे. सभेपुढे जी बाब आली ती थिंग, आणि मग कुठलीही बाब थिंग. दोन भाषा, एकमेकींशी या बाबतीत काही देणंघेणं नसताना, एकाच वाटेने गेल्या. चार माणसांत जिच्याबद्दल बोलणं झालं तिलाच 'गोष्ट' असण्याचा मान मिळाला. जे कोणी कोणाला सांगितलंच नाही, ते घडलं असलं तरी त्याची अजून गोष्ट झालेली नाही. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो, आणि या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्याच्याभोवती आहे: आपल्या भाषेत सांगण्याचे जे शब्द आहेत, त्यांच्या पोटात ऐकणारा आधीपासून बसलेला आहे.

'वार्ता' हा याच कुळातला म्हणावा असा दुसरा शब्द. आज तो वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात वार्ता म्हणून जे सांगितलं आहे ते म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. माणूस ज्याच्यावर जगतो, ती त्याची 'वृत्ती', आणि तिच्याशी जोडलेली 'वार्ता'. पुढे वार्ता म्हणजे बातमी झाली. 'वत्ता', 'बात' या वाटेने ती हिंदीत गेली आणि 'बातचीत' होऊन आपल्याकडे परत आली. पाऊस किती झाला, कालवड व्याली का, तुरीला भाव काय मिळाला, हीच हजारो वर्षं या मुलखातली बातमी होती. रोजच्या जगण्यापेक्षा मोठं काही घडलं तरच ती बातमी, ही समजूत फार अलीकडची आहे.

अशी बातमी माझ्या आष्टीत आजही चालते. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावं अनेक आहेत. इतिहासाच्या पुस्तकात दोन येतात: १८१८ मध्ये बापू गोखले जिथे पडले ती सोलापूरकडची, आणि १९४२ च्या लढ्यातली वर्ध्याची. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगर जिल्ह्याला खेटून असलेली आमची आष्टी त्या धड्यांत नाही. या आष्टीत गोष्ट कुठे घडते ते पाहायचं असेल तर संध्याकाळी कुठल्याही वाडीतल्या दूध संकलन केंद्रावर जावं. लोक त्याला 'डेअरी' म्हणतात. किटल्या आणि कॅन घेऊन बाया-माणसं, शाळकरी पोरं रांगेत उभी असतात. काट्यावर दूध ओततात, पळीभर नमुना यंत्राखाली जातो, लाल आकडे उमटतात, चिठ्ठी निघते. "किती बसली फॅट?" "तीन-सहा." "आन् डिग्री?" एवढ्याला दोन मिनिटं लागतात. माणूस तिथे थांबतो मात्र अर्धा तास. पेंडीचं पोतं कितीला झालं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची सोयरीक मोडली, ऊसतोडीच्या कोणत्या मुकादमाने यंदा किती उचल वाटली. रेल्वे ही तर इथली कैक वर्षं पुरलेली गोष्ट होती. आजोबांनी नातवाला सांगितलेली, नातवाने मिशा फुटल्यावर पोराला सांगितलेली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगरहून न्यू आष्टीपर्यंत खरोखर गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत गेली, तेव्हा डेअरीवरचा एक जुना विषय संपला आणि वेळापत्रकाचा नवा सुरू झाला.

अशाच एका रांगेत मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोकळ्या हाताने उभं राहिलेलं पाहिलं. पुढचा कॅन उचलून ठेवताना एकाने विचारलं, "काय बापू, किटली कुठं हाय?" "गाय गेली परवा," बापू म्हणाले. दूध घालायचं नव्हतं तरी वेळ झाली तसे ते आले होते. काट्यावरच्या पोराने हात थांबवला. "कशानं गेली?" आणि मग बापूंनी सांगितलं: दोन दिवस कडबा तोंडात घेत नव्हती, डॉक्टर आला, सुई दिली, रात्री उठून कंदील घेऊन गेलो तर डोळे माझ्याकडंच. मागून कोणी तरी विचारलं, "कितव्या येताची होती?" "चवथ्या." "आन् कालवड?" "कालवड हाय." चार प्रश्न झाले. कोणी उपदेश केला नाही, दैवावर भाष्य केलं नाही. वेत विचारलं, कालवडीचं विचारलं, म्हणजे ज्याला गाय कळते त्याने विचारावं तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी बापू पुन्हा आले आणि जे काल नव्हते त्यांना तेच पुन्हा सांगितलं. ज्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं त्यांनीही पुन्हा ऐकलं. गोष्ठ, गोष्ठी आणि गोष्ट हे तिन्ही अर्थ तिथे त्या रांगेत एकदम हजर होते.

सांगण्यासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा कधीच नव्हता. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात संस्कृत 'कथ्' धातूऐवजी लोकांच्या तोंडी असणाऱ्या दहा धातूंची यादी आहे. तीत 'संघ' आहे आणि 'बोल्ल'ही आहे. आपलं 'सांगणं' आणि 'बोलणं' ही दोन्ही त्या यादीतून थेट चालत आलेली आहेत. 'पिसुण' हा चहाडीकडे झुकणारा धातूही त्याच यादीत बसलेला आहे. नंतर फारसीतून 'गप' आली आणि तिचं आपण अनेकवचन करून टाकलं, 'गप्पा', कारण एकट्याची एकच गप ही कल्पना मराठीला रुचली नाही. अरबीतून 'किस्सा' आला. 'हकीकत' आली. तिचा मूळ अर्थ सत्य असा. मराठीत मात्र कोणी "काय झालं त्याची हकिगत सांग" म्हणतो तेव्हा त्याला तत्त्वज्ञान नको असतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत काय घडलं ते हवं असतं. सत्य आणि घडलेलं सांगणं यांत मराठी माणसाने फरक ठेवला नाही. आष्टीचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून असे शब्द इथे कागदावरून उतरून घराघरांत शिरले आहेत.

ऐकण्यासाठी मात्र मुख्य क्रियापद एकच: ऐकणे. जुन्या मराठीत 'आइकणें'. त्या एका क्रियापदाला मराठीने जे जोडधंदे लावून दिले आहेत ते बघण्यासारखे आहेत. 'ऐकवणं' म्हणजे फटकारणं. "पोरगं ऐकत नाही" म्हणजे कान शाबूत आहेत, पण कह्यात नाही. 'ऐकून घेणं' हे यातलं सगळ्यात खोल. "सासूचं ऐकून घ्यावं लागलं" यात मुकाट सोसणं आहे, आणि "जरा माझं ऐकून घ्या" यात आर्जव आहे. दोन्हींत 'घेणं' आहे. सांगणारा 'सांगून टाकतो', ऐकणारा 'ऐकून घेतो'. एकाने टाकलं, दुसऱ्याने घेतलं, म्हणजे ओझं हललं. मग 'मन मोकळं झालं' म्हणतात. 'मोकळा' हा शब्द प्राकृत 'मोक्कल'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी 'मुक्त' आहे. साधूला जी मुक्ती साधना करून मिळते, तिचाच घरगुती अवतार शेजारणीच्या ओट्यावर अर्धा तास बसून मिळतो, असं आपल्या भाषेचं म्हणणं दिसतं. 'हितगुज' मधलं 'गुज' म्हणजे 'गुह्य', लपवलेलं. लपवलेलं ज्याच्यापाशी उघडावं त्याच्या हातात आपलं हित आहे, असा भरवसा त्या जोडशब्दात आहे.

आता ऐकण्याचीच माझ्या तालुक्यातली एक खूण सांगतो. आष्टी तालुक्यातल्या सावरगावला डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. लोक त्या स्थानाला मायंबा म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे मोठी गर्दी होते, आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांकडे गेलेले लोक इथेही येतात. नाथपंथाचा हा आदिपुरुष कशामुळे मोठा झाला? कथा अशी की समुद्राकाठी शंकर पार्वतीला गुह्य उपदेश करत होते आणि माशाच्या पोटातला मच्छिंद्र तो ऐकत होता. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगताना हीच आठवण दिली आहे: शंकराने पार्वतीच्या कानात जे सांगितलं ते मत्स्याच्या उदरात असलेल्याला लाभलं. नवनाथ भक्तिसारात ही कथा रंगून येते. उपदेशाचं सार काय कळलं, असं शंकर विचारतात आणि उत्तर पार्वतीऐवजी माशाच्या पोटातून येतं. लोक सांगतात त्यात आणखी एक भर आहे. पार्वतीला डोळा लागला होता आणि तिच्या जागी 'हूं' म्हणत होता तो मच्छिंद्र.

त्या 'हूं'ला मी या सगळ्या शब्दचर्चेत सगळ्यात वरची जागा देईन. कोशात त्याला 'हुंकार' म्हणतात. गोष्ट सांगणारी आजी आधी पोरांना बजावते: "हूं म्हणायचं, न्हाईतर सांगणार न्हाई." हूं थांबला की गोष्ट थांबते, कारण ऐकणारा झोपला. या एका उद्गारात होकार नाही, नकार नाही, मत नाही. "मी आहे, पुढे सांग" एवढंच आहे. आपल्या भागातला गोंधळ पाहिलात तर मुख्य गोंधळ्याचं बोलणं झेलायला, त्याला मधेच प्रश्न टाकायला दुसरा उभा असतो. तो नसेल तर आख्यान पुढे सरकत नाही. आणि ज्ञानेश्वर, जे स्वतः सांगणाऱ्यांतले एवढे मोठे, ते नवव्या अध्यायाच्या तोंडाशी श्रोत्यांकडे काय मागतात, तर फक्त अवधान. ती मागणी लेखकाने वाचकाला केलेली नाही. नेवाशात समोर बसलेल्या माणसांना, तोंडाने सांगता सांगता केलेली आहे.

'कहाणी' हा शब्द संस्कृत 'कथानिका'वरून प्राकृतातल्या 'कहाणिआ'मार्गे आला. गोव्यात त्याची 'काणी' झाली. मराठीत ती श्रावणाशी बांधली गेली: वाराच्या कहाण्या, व्रताच्या कहाण्या. यांतली आदित्य राणूबाईची कहाणी मला फार जवळची वाटते, कारण तिच्यात ऐकणाऱ्याचा शोध आहे. कहाणी सांगितल्याशिवाय व्रत पुरं होत नाही, आणि सांगायला तर उपाशी माणूस पाहिजे. घरात सगळे जेवलेले. मग वाटेत मोळीविक्या भेटतो. तो म्हणतो, तुझी कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का? तरी ऐकतो, आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. पुढे एक माळी भेटतो, त्याच्या विहिरीला पाणी नाही. एक म्हातारी भेटते, तिची मुलं गेलेली. एक हातपाय नसलेला माणूस भेटतो. प्रत्येक जण ऐकतो आणि ज्याचं जे गेलं ते त्याला परत मिळतं. आपल्या नेहमीच्या समजुतीत सांगणाऱ्याचं मन हलकं होतं. ही कहाणी उलटं सांगते: फळ ऐकणाऱ्याला आहे. आणि ऐकणारे कोण, तर मोळीविक्या आणि अपंग, ज्यांचं स्वतःचं कोणी विचारत नाही असे.

कहाण्या संपतात तेव्हा साठ उत्तरांची कहाणी पाचांत आटोपली असं म्हणायचा रिवाज आहे. इथे लहानपणी सगळेच अडतात: प्रश्न कुठे होते, मग साठ उत्तरं कसली? जुन्या मराठीत 'उत्तर' म्हणजे बोल, शब्द. प्रश्न असो वा नसो, माणूस जे बोलतो ते उत्तर. जबाबाचा अर्थ नंतर त्याच्यावर बसला. पण जुना अर्थही मला खराच वाटतो. माणूस आपणहून काही सांगायला बसतो तेव्हा त्याच्या आत कोणी तरी केव्हाचं विचारून ठेवलेलं असतं.

बायकांनी मात्र ऐकणाऱ्याची वाट न बघताही सांगितलं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ११२९ मधल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. त्यानंतर किमान साडेआठशे वर्षं ती कांडणा-दळणावर चालली. ओवी हे नाव 'ओवणे' वरून आलं असं मानतात. जात्याच्या घरघरीत भावाचं कौतुक, सवतीचं दुःख, पावसाची वाट, बाळंतपण, सगळं एकेक करून ओवलं गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० नंतर गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. पिठाची गिरणी आली, जातं सुटलं आणि पहाटेच्या त्या दोन तासांत सांगायची जी सोय होती ती गेली. तिच्या जागी दुसरं काही सहज आलं नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात तर सांगायला उसंतच उरली नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, केज, धारूर या तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हत्याराचं नाव दोन माणसांना लागतं, आणि कोयत्याने तोंड उघडून काही सांगावं अशी कोणाची अपेक्षा नसते. उसाच्या शेताला 'फड' म्हणतात. गंमत अशी की हाच शब्द मराठी माणूस मैफलीलाही लावतो: गप्पांचा फड, तमाशाचा फड, कुस्तीचा फड. उसाच्या फडात मात्र पहाटे अंधारात शिरलेली बाई तोड, मोळी, गाडी भरणं आणि कोपीवर (मुक्कामाच्या झोपडीवर) परतून भाकरी, यांतून बोलायला कधी मोकळी होणार? आजारी पडून एक दिवस गेला तर तो 'खाडा', आणि खाड्याला दंड.

इथे 'हाल' या शब्दाकडे वळावं लागतं. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती, बरी किंवा वाईट. त्याचं अनेकवचन 'अहवाल'. "काय हालहवाल?" असं आपण विचारतो तेव्हा एकवचन आणि अनेकवचन दोन्ही मिळून विचारत असतो: तुझी स्थिती काय, सगळ्या स्थिती काय. मराठीत हे दोन शब्द वेगळ्या घरी गेले. 'हाल' गरिबाकडे राहिले आणि त्यांचा अर्थ फक्त कष्ट, यातना असा झाला. 'अहवाल' सरकारी कचेरीत गेला. हालाचा अहवाल होईपर्यंत मधे जे अंतर असतं ते ऐकण्याचं असतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका कितीतरी वर्षं आपापसांत सांगत होत्या: "माझी पिशवी काढली." गर्भाशयाला त्या पिशवी म्हणतात. ओट्यावर, कोपीत, पाणवठ्यावर हे बोललं जात होतं, वारंवारच्या दुखण्याबद्दल, खाड्याच्या भीतीबद्दल, डॉक्टरने घातलेल्या धाकाबद्दल. २०१९ मध्ये त्याचा बोभाटा झाला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा पुढे सगळीकडे छापून आला आणि तो यायलाच हवा होता. पण मला तो वाचताना राहून राहून वाटतं की यातल्या प्रत्येकीने हे आधी कोणाला तरी सांगितलं होतं. ते गावातल्या बायकांनी ऐकलं होतं. गावाबाहेर ते कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

'कैफियत' हा शब्दही असाच. अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसं?'. कैफियत म्हणजे कसं आहे ते. मराठी राज्यकारभारात तो बयानाचा, निवेदनाचा शब्द झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस कर्नल मॅकेंझीने दक्षिणेतल्या गावोगावच्या ज्या कैफियती जमवल्या त्यांत गावांनी स्वतःचा इतिहास सांगितलेला आहे. आज कैफियत 'मांडतात', म्हणजे ती तक्रार झाली. 'गाऱ्हाणं' 'गर्हणा'वरून आलं, म्हणजे दोष देणं. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा त्यात दोष कमी आणि भरवसा जास्त असतो. हाल आणि कैफियत यांचा प्रवास मात्र एकाच दिशेचा आहे. साधं 'कसं आहे' विचारायचा शब्द, विचारणारा कोणी न उरल्यामुळे, तक्रारीचा शब्द होतो.

विचारत हिंडणारा एक माणूस मराठीला फार लवकर मिळाला, हे आपलं भाग्य. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या सहवासात म्हाइंभटाने स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. १२७८ च्या सुमारास तयार झालेलं 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानतात. तो वाचताना जाणवतं की यात राजे-लढायांना फारशी जागा नाही. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, शिष्या बाइसा काय म्हणाल्या, महदाइसेने कोणता प्रश्न विचारला, कोणाला ताप आला, असंच सगळं आहे. मेणाच्या आणि शेणाच्या घरांची जी गोष्ट आपण आजही पोरांना सांगतो ती चक्रधरांनी सांगितल्याचं त्यात नोंदलेलं आहे. म्हाइंभट एकेकाकडे गेला, ज्याने पाहिलं त्याच्या तोंडून ऐकलं आणि मग लिहिलं. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा ती पुन्हा उभी राहिली ती हिराइसेसारख्या एकपाठी स्त्रीच्या आणि इतरांच्या आठवणीतून. कागद गेला आणि ऐकलेलं उरलं.

या पोथ्यांत एक शब्द येतो, 'वासना'. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर एकाचं खरं धरून दुसऱ्याचं खोडत नसत. 'एकी वासना' म्हणून दुसरंही लिहून ठेवत, कोणाची ते सांगून. वासना म्हणजे इथे मनात राहून गेलेला ठसा. आज हा शब्द भलत्याच कामाला लागला आहे, पण एखाद्याच्या आठवणीला त्याच्या नावानिशी जागा द्यायची ही रीत मला परत हवी आहे.

ती सुरू करायला जागाही जवळच आहे. आष्टी तालुक्यात हंगामी वसतिगृहं चालतात. आई-बाप उसाला गेलेली पोरं तिथे राहतात. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परत येतात, ट्रॅक्टरमधून भांडी, गोधड्या, कोंबड्या उतरतात. त्या आठवड्यात प्रत्येक पोराला एक वही द्यावी आणि घरी विचारायला लावावं: यंदा काय काय झालं. गाडी कुठे उलटली, कोण बाळंत झाली, कोपीत पाणी कधी शिरलं, मुकादमाने हिशेब कसा केला. आई एक सांगेल, बाप दुसरं सांगेल, आजी मधेच म्हणेल की तसं न्हाई झालं. पोराने तिन्ही लिहून घ्यावं, आणि आईच्या सांगण्यावर लिहावं 'आईची वासना', आजीच्या सांगण्यावर 'आजीची वासना'. लिहिताना पेन थांबला तर नुसतं 'हूं' म्हणावं.